कुमारांचा ग्रंथपाल कोण?

दरवर्षी १५ ऑक्टोबर उजाडला, की महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून आणि ग्रंथालयांतून 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. २०१५ पासूनचा हा शिरस्ता आहे. डॉ. कलामांच्या प्रतिमेला हार, एका पाहुण्याचे भाषण, थोडा वेळ सामुदायिक वाचन, मग छायाचित्र आणि अहवाल. भाषणातले एक वाक्य मात्र ठरलेले असते : आजची मुले वाचत नाहीत. हे वाक्य मुलांच्या तोंडावरच उच्चारले जाते आणि मुलेही ते निमूटपणे ऐकून घेतात. त्यांच्यापैकी एखादीने उठून, 'आम्ही वाचावे म्हणून तुम्ही नेमके काय केलेत?' असा प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा तो आम्हीच विचारतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. तेरा ते अठरा ह्या वयाच्या वाचकाची जबाबदारी ज्याने घ्यावी, असा ग्रंथपाल घडवण्याची कसलीही तजवीज आपल्या सार्वजनिक ग्रंथालय-व्यवस्थेत नाही. तजवीज नाही, म्हणून तो वाचक ग्रंथालयाबाहेर पडतो. आणि तो बाहेर पडला, की आपण मोबाइलच्या नावाने बोटे मोडून मोकळे होतो. काही ग्रंथपाल स्वतःच्या हौसेने, पदरमोड करून ह्या वयाच्या मुलांसाठी धडपडतात, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण व्यक्तीची हौस ही व्यवस्थेची सबब होऊ शकत नाही.

ग्रंथालयाच्या नकाशातली रिकामी जागा

कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या मराठी ग्रंथालयात शिरून पाहा. एका कोपऱ्यात 'बालविभाग' अशी पाटी दिसेल. तिथे बुटकी टेबले, भिंतीवर हत्ती-ससे, कपाटात इसापनीती, पंचतंत्र, थोरांची चरित्रे. दुसऱ्या टोकाला देवघेव विभाग : कादंबऱ्या, आत्मचरित्रे, दिवाळी अंक, आणि खिडकीपलीकडे बसलेला सेवक. अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत ह्यात तिसऱ्या पाटीची भर पडली आहे, ती म्हणजे 'अभ्यासिका'. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तरुण मुले तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. पुस्तके त्यांची स्वतःची असतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती खुर्ची, वीज आणि शांतता.

म्हणजे आपल्या ग्रंथालयाच्या लेखी माणूस बाराव्या वर्षापर्यंत बालक असतो आणि अठराव्या वर्षी एकदम उमेदवार होतो. मधली पाच-सहा वर्षे तो कुठे असतो, ह्याचे उत्तर नकाशात नाही. सातवी-आठवीतल्या मुलीला हत्ती-सशांच्या कोपऱ्यात बसायची लाज वाटते. मोठ्यांच्या विभागात गेले, तर कपाटे कुलूपबंद असतात. पुस्तक मागायचे तर त्याचे नाव ठाऊक हवे, आणि नाव ठाऊक व्हायचे तर पुस्तके चाळायला हवीत. खिडकीपलीकडून 'काय पाहिजे?' असा प्रश्न येतो. त्या वयात काय पाहिजे हे स्वतःलाच ठाऊक नसते. वाचायचे असते ते बहुधा त्याचाच शोध घेण्यासाठी. ती मुलगी 'काही नाही' म्हणते आणि निघून जाते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत ह्या घटनेसाठी रकाना नाही. त्यामुळे ती कधी घडलीच नाही, असे धरले जाते.

ह्या वयाला नाव नव्हते असेही नाही. 'किशोर' आणि 'कुमार' हे दोन्ही शब्द मराठीत चांगले रुळलेले आहेत. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नावच 'किशोर' आहे. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात बालक आणि किशोर ह्यांच्यासाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा केली, तिच्यातही किशोरांचा उल्लेख वेगळा आहे. शब्द आहे, मासिक आहे, संकेतस्थळही आहे. नाही तो ह्या वयाच्या वाचकाला ओळखणारा माणूस. डिजिटल ग्रंथालय हजारो पुस्तके समोर ठेवू शकेल. पण समोर उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा वाचून 'हे नको, ते घेऊन जा' असे म्हणण्याचे काम त्याच्याने होणार नाही.

प्रशिक्षण कशाचे?

ग्रंथपाल कसा घडतो ते पाहू. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र, पदवी, पदव्युत्तर पदवी अशी चढती शिडी आहे. गावोगावच्या ग्रंथालयांतले बहुसंख्य लोक पहिल्या पायरीवर असतात, कित्येक तर तिच्याही खाली. ह्या शिक्षणाचा कणा असतो वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय-प्रशासन आणि आता संगणक. नोकरीत शिरल्यानंतर ज्या कार्यशाळा वाट्याला येतात, त्यांचे विषयही ठरलेले : संगणकीकरण, बारकोड, ई-ग्रंथालय, कोहा, अनुदानाचे प्रस्ताव, वार्षिक अहवाल. ही कामे अनावश्यक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण ह्या सगळ्यांत एक साम्य आहे. ही सगळी पुस्तके सांभाळण्याची कौशल्ये आहेत, वाचक ओळखण्याची नव्हेत. मराठी साहित्याचा ड्युईप्रणीत वर्गांक ८९१.४६, हे ग्रंथपालाला झोपेतही सांगता येते. त्या वर्गांकाखाली उभ्या असलेल्या पुस्तकांपैकी कोणते पुस्तक वडिलांशी अबोला धरलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावे, हे त्याला कोणी शिकवत नाही. परीक्षेतही कोणी विचारत नाही.

डॉ. रंगनाथनांची पाच सूत्रे प्रत्येक ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात पाठ करून घेतली जातात आणि १२ ऑगस्टला त्यांचे पूजनही होते. १९३१ च्या ह्या सूत्रांपैकी दुसरे आणि तिसरे, म्हणजे वाचकाला त्याचे आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देणारी, ही एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी करायच्या कामाची सूत्रे आहेत. आपण त्यांची भिंतीवरची सुभाषिते करून टाकली.

बाल्टिमोरची एक बाई

वाचक ओळखायला शिकवता येते का, अशी शंका इथे घेतली जाईल. येते, आणि ते शिकवले गेलेले आहे. ह्यासाठी एका अमेरिकन उदाहरणाकडे वळावे लागते, कारण कुमारवयीनांसाठीचे ग्रंथपालन हे स्वतंत्र काम म्हणून सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने तिथे उभे राहिले. बाल्टिमोर शहरातल्या इनॉक प्रॅट सार्वजनिक ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्‌स ह्या बाईंनी १९३० च्या दशकात ह्या कामाला हात घातला आणि पुढे सुमारे तीन दशके ते केले. आपल्या हाताखाली येणाऱ्या नव्या सेवकाला त्या काय शिकवत? त्या त्याच्यासमोर कुमारांना आवडू शकतील अशा तीनशे पुस्तकांची यादी ठेवत. ही पुस्तके वाचायची, आणि टप्प्याटप्प्याने बाईंसमोर बसून त्यांच्याविषयी बोलायचे. पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे सांगून सुटका नसे. ते कोणाला आवडेल, का आवडेल, आणि त्याच्याविषयी चार वाक्यांत काय सांगितले असता समोरचा मुलगा हात पुढे करील, हे सांगावे लागे. त्यानंतर हा सेवक शाळांमध्ये जाई आणि वर्गासमोर उभा राहून पुस्तकांविषयी बोले. १९४० च्या दशकात बाईंनी घोडागाडीत पुस्तके भरून ती गरीब वस्त्यांतून फिरवली. आपल्या ह्या अनुभवांवर त्यांनी १९६९ मध्ये पुस्तकही लिहिले.

ह्यात भव्य काहीही नाही. इमारत नाही, यंत्र नाही, प्रकल्प नाही. ग्रंथपालाने वाचले पाहिजे आणि वाचलेल्याविषयी बोलता आले पाहिजे, एवढीच अट आहे. पण ह्याच अटीतून पुढे एक व्यवसाय उभा राहिला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेत १९५७ मध्ये कुमारसेवेचा स्वतंत्र विभाग झाला. कुमारांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालाला काय काय आले पाहिजे, ह्याची यादी त्या विभागाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये ती नव्याने लिहिली गेली, तेव्हा तिच्यातली पहिली बाब पुस्तकांविषयीची नव्हती. कुमारवयीनांची वाढ आणि विकास समजून घेणे ही ती बाब होती. आधी वाचक, मग ग्रंथ. आपला क्रम नेमका उलटा आहे, आणि त्यातला दुसरा भाग तर आपण गाळूनच टाकला आहे.

आमचे तीनशे कोणते?

'अहो, पण मराठीत कुमारसाहित्य आहेच कुठे?' हा पुढचा आक्षेप. तो साहित्याचे अध्यापकच अधिक करतात, म्हणून त्याचा समाचार जरा सविस्तर घेऊ.

कुमारांसाठी म्हणून मुद्दाम लिहिलेले मराठी साहित्य पुरेसे नाही, हे खरे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनंतर तितक्या वेगाने सायकल हाणणारा नायक पुन्हा झाला नाही, हेही खरे. पण कुमाराने वाचावे असे साहित्य म्हणजे केवळ कुमारांसाठी लिहिलेले साहित्य नव्हे. मिलिंद बोकील ह्यांची 'शाळा' (२००४) नववीतल्या मुलाची गोष्ट आहे, पण ती असते मोठ्यांच्या कपाटात. प्रकाश नारायण संतांचा लंपन 'वनवास'पासून तिथेच मुक्कामाला आहे. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर', नारायण धारपांच्या भयकथा ह्यांची वाट चौदाव्या वर्षी सापडली, तर माणूस आयुष्यभराचा वाचक होतो. आणि आपल्या साहित्यातले सर्वांत मोठे दालन तर आपण ह्या दृष्टीने कधी उघडलेलेच नाही. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' (१९८०), किशोर शांताबाई काळे ह्यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४), ऊर्मिला पवार ह्यांचे 'आयदान' (२००३) : ह्या पुस्तकांची कितीतरी पाने बालपण आणि पौगंडावस्था ह्यांनी व्यापलेली आहेत. शाळेतला अपमान, भूक, शरीराची जाणीव, आईवडिलांविषयीची ओढ आणि राग हे सगळे त्यांत आहे. ही पुस्तके आपण एम. ए.च्या अभ्यासक्रमात 'दलित आत्मकथन : स्वरूप आणि प्रेरणा' ह्या शीर्षकाखाली लावतो आणि त्यांच्यावर वीस गुणांचा प्रश्न काढतो. ज्या वयाच्या मुलांचा अनुभव त्यांत आहे, त्या वयाच्या मुलांच्या हाती ती पडावीत, ही कल्पना आपल्याला सुचत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की हे सारे जड आहे, मुले आज मांगा वाचतात, प्रतिलिपीवरच्या मालिका वाचतात, परदेशी चित्रपटांच्या पात्रांवर आपापल्या कथा रचून एकमेकांना पाठवतात. वाचू देत की! ग्रंथपालाच्या तीनशेंत त्यांचाही समावेश हवा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चोरून वाचणाऱ्या पिढ्यांतून मराठीला प्राध्यापक मिळाले, टीकाकारही मिळाले. चोरून वाचलेल्या पुस्तकाने कोणाची अभिरुची कायमची बिघडल्याचा पुरावा नाही. अभिरुची बिघडते ती पुढचे पुस्तक न मिळाल्याने. मांगा वाचणाऱ्या मुलीला पुढचे पुस्तक कोणते द्यावे, हे ज्याने मांगाही वाचला आहे आणि 'बलुतं'ही वाचले आहे, तोच सांगू शकतो. यादी हे साधन आहे. तिचा उपयोग होतो तो दोन टोकांची पुस्तके एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र आल्यावर.

संस्काराचा पहारा

आमच्या मते खरी अडचण साहित्याच्या तुटवड्याची नाही, धाकाची आहे. कुमारवयाच्या वाचनावर आपल्याकडे 'संस्कार' ह्या शब्दाचा पहारा आहे. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळातले ज्येष्ठ, पालक, शिक्षक ह्या सर्वांचे एका बाबतीत एकमत असते, ते म्हणजे मुलांनी वाचावे, पण 'चांगले' वाचावे. ह्या 'चांगल्या'त प्रेम नसते, शरीर नसते, जात नसते, आईवडिलांची चूक नसते, आणि देवाविषयीची शंका तर नसतेच नसते. म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी माणसाच्या डोक्यात जे जे असते, ते सोडून बाकी सर्व असते. मग मुले ह्या गोष्टींची उत्तरे मोबाइलवर शोधतात, आणि आपण पुन्हा मोबाइलला दोष देतो.

अमेरिकेत सारे आलबेल आहे, असा कोणाचा समज होऊ नये. २०२१ पासून तिथे शाळांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या कपाटांतून पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्यांची लाट उसळली, आणि तिचा सर्वाधिक मारा कुमारांसाठीच्या पुस्तकांवरच झाला. पण तिथे पुस्तक काढायची मागणी करावी लागते, कारण ते आधी कपाटात आलेले असते. त्यावर सभा होते, वाद होतो, ग्रंथपाल उभा राहून पुस्तक का हवे ते सांगतो आणि त्याची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहते. आपल्याकडे ह्यातले काही घडत नाही. कारण पुस्तक खरेदीच्या यादीतच येत नाही, आणि आले तरी कुलपाआड राहते. आपल्याकडची बंदी इतकी मुरलेली आहे, की तिला हुकूम लागत नाही. अशा ठिकाणी ग्रंथपालाचे प्रशिक्षण म्हणजे त्याला दोन गोष्टी शिकवणे : पालकाला शांतपणे उत्तर देणे, आणि कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले ते तिसऱ्याला न सांगणे. दुसरी गोष्ट तर अगदीच बिनखर्ची आहे. पण गावातल्या ग्रंथालयात मुलीने काय वाचायला नेले, हे तिच्या घरी तिच्या आधी पोचत असेल, तर ती तिथे पुन्हा येणार नाही, हे समजायला ग्रंथालयशास्त्राची पदवी लागत नाही.

उपक्रम की स्पर्धा?

आता उपक्रमांविषयी. ग्रंथालयांत मुलांसाठी उपक्रम होत नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निबंधस्पर्धा होते, वक्तृत्वस्पर्धा होते, हस्ताक्षरस्पर्धा होते, प्रश्नमंजूषा होते. ह्या सर्वांत मुलाचे काम एकच असते : मोठ्यांनी दिलेल्या विषयावर मोठ्यांना आवडेल ते मोठ्यांसमोर सादर करणे. तीन मुलांना बक्षिसे मिळतात आणि उरलेल्या पन्नासांना आपण हरलो एवढे कळते. शाळेत दिवसभर जे चालते, तेच संध्याकाळी ग्रंथालयात चालवायचे, तर मुलाने ग्रंथालयात यावे कशासाठी?

कुमारांसाठीच्या उपक्रमाची कसोटी आम्ही एकाच प्रश्नाने लावू : ह्यात ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे? ह्या कसोटीला उतरणारे उपक्रम खर्चिक नाहीत, आणि त्यांतले काही तर आपल्याच मातीतले आहेत. हस्तलिखित घ्या. मराठी शाळांत आणि वसतिगृहांत हस्तलिखित मासिकांची परंपरा होती, आणि कित्येक लेखकांचे पहिले लेखन त्यांत झाले. ग्रंथालयाने कागद, रंग आणि एक टेबल द्यावे, संपादक मुलेच असावीत आणि मजकूर मंडळाच्या संमतीशिवाय भिंतीवर लागावा. किंवा खरेदीचे घ्या. वर्षाच्या ग्रंथखरेदीतली एक लहानशी रक्कम, समजा दोन हजार रुपये, पाच कुमारांच्या हाती द्यावी, त्यांना पुस्तकांच्या दुकानात वा प्रदर्शनात न्यावे आणि ती निवडतील ती पुस्तके निमूटपणे दाखल करून घ्यावीत. त्यांची निवड चुकली, तर चुकली. कार्यकारी मंडळांच्या निवडी चुकलेल्या नाहीत काय? कपाटात पाने न कापलेली पुस्तके कोणाच्या निवडीची आहेत?

आणखी एक. 'शाळा', 'फास्टर फेणे', 'श्यामची आई' ह्या तिन्हींवर चित्रपट निघाले आहेत. चित्रपट दाखवावा, पुस्तक पुढे ठेवावे, आणि दिग्दर्शकाने काय गाळले, का गाळले, ह्यावर मुलांना भांडू द्यावे. समीक्षेचा ह्याहून चांगला पहिला तास आम्हांला ठाऊक नाही. जिथे मुले अहिराणी, भिली, गोंडी, मालवणी बोलतात, तिथे आजीकडून ऐकलेली गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून ती घरच्या बोलीत आणि प्रमाण मराठीत अशी दोनदा लिहावी, आणि दोन्ही प्रती ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत रीतसर चढवाव्यात. आपल्या आजीला दाखलांक मिळाला, हे पाहणारे मूल ग्रंथालयाला परके मानणार नाही. आणि सर्वांत साधा उपक्रम बाल्टिमोरच्या बाईंचाच आहे. ग्रंथपालाने महिन्यातून एकदा जवळच्या शाळेच्या नववीच्या वर्गात जावे, दहा मिनिटांत तीन पुस्तकांविषयी बोलावे, गोष्ट ऐन वळणावर सोडून द्यावी आणि पुस्तके टेबलावर ठेवून बाजूला व्हावे. प्रश्नोत्तरे नकोत, तात्पर्य नको, अहवाल तर नकोच नको.

पैशाचा प्रश्न

'हे सगळे करणार कोण, आणि कोणत्या पगारात?' हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आम्ही टाळणार नाही. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला, ह्याचा अभिमान आपण बाळगतो. १९६७ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला. पण तमिळनाडूतल्या १९४८ च्या कायद्यात असलेला ग्रंथालय-कर आपल्या कायद्यात नाही. आपली बहुतेक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात, शासन त्यांना वर्गवारीनुसार अनुदान देते आणि वाचक वर्गणी भरतो. २०२२ मध्ये ह्या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांचे ४८ हजार रुपये झाले. त्यातले निम्मे पगारावर खर्च झाले असे धरले, तरी ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये पडतात. ह्या माणसाकडून तीनशे पुस्तके वाचण्याची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण ह्यातून निघणारा निष्कर्ष मात्र आम्ही नाकारतो. पगार तुटपुंजा आहे म्हणून काम हलके ठेवा, असे म्हणत म्हणतच आपण ग्रंथपालाला पुस्तके उचलणारा आणि मांडणारा सेवक करून ठेवले, आणि सेवकाला सेवकाचाच पगार मिळतो. त्याच्या कामात विद्या आहे हे जोवर दिसत नाही, तोवर त्याच्या पगाराची मागणी दयेची मागणी राहील. म्हणून दोन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. ग्रंथपालाला जगण्यापुरता पगार मिळाला पाहिजे, आणि कामाच्या वेळात वाचण्याचा हक्कही मिळाला पाहिजे. टेबलाशी बसून कादंबरी वाचणारा ग्रंथपाल दिसला, की मंडळाचे सदस्य त्याला कामचुकार समजतात. हातात औषध घेऊन त्याचा गुण तपासणाऱ्या वैद्याला कोणी कामचुकार म्हणत नाही.

शिवाय सर्वच ग्रंथालये 'ड' वर्गातली नाहीत. शंभर-दीडशे वर्षांची परंपरा, स्वतःच्या इमारती आणि सभागृहाचे भाडे मिळवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. निदान त्यांनी तरी पैशाची सबब सांगू नये. ह्या कामाचे नमुने शोधायला अमेरिकेलाही जावे लागत नाही. गोव्यात 'बुकवर्म' ही संस्था मुलांच्या ग्रंथालयांचे काम २००५ पासून करते आहे. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला आहे. त्यात बालसाहित्य वाचणे, त्याविषयी बोलणे आणि उपक्रम घडवणे ह्यांना मध्यवर्ती स्थान आहे. हा अभ्यासक्रम मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी ह्या भाषांत उभा राहिला. ग्रंथालय-चळवळीचा वारसा सांगणाऱ्या मराठीने असे काही स्वतःच्या बळावर उभे का केले नाही, ह्याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना

हे सारे साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटले असेल. ग्रंथालयशास्त्रवाल्यांनी पाहावे की! आम्हांला नेमके हेच मान्य नाही. कुमारांचा ग्रंथपाल घडवायला जे लागते, म्हणजे पुस्तकांचे विस्तृत वाचन, त्यांच्याविषयी नेमके बोलण्याची सवय, एका पुस्तकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट ओळखणे, ते सारे साहित्याच्या विभागांकडे आहे, निदान असायला हवे. ग्रंथालयशास्त्र आणि साहित्य ही दोन खाती बहुतेक विद्यापीठांच्या एकाच आवारात असतात, पण एकमेकांच्या दारात जात नाहीत. बालकुमारसाहित्य हा आपल्या अभ्यासक्रमात असलाच, तर एखादा वैकल्पिक भाग असतो. संशोधनाला विषय मिळेनासा झाला, की तो घ्यायचा असतो. नव्या कुमारकादंबरीचे परीक्षण लिहिणे आपण कमीपणाचे समजतो. मग कुमारसाहित्य नाही, अशी खंत कोणत्या तोंडाने करायची? ज्या पुस्तकाला परीक्षक नाही, ग्रंथपाल नाही आणि कपाट नाही, ते लिहील कोण आणि छापील कोण?

दरवर्षी मराठीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे एकही पुस्तक वाचलेले नसते, अशी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नित्याची आहे. ती मुले तेरा ते अठरा ही वर्षे त्या रिकाम्या जागेत काढून आलेली असतात. त्या जागेत आपल्यापैकी कोणी उभे नव्हते, एवढाच त्या तक्रारीचा अर्थ आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. ग्रंथालय प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात कुमारवयीन वाचक हा स्वतंत्र विषय असावा, आणि त्याची परीक्षा लेखी नसावी, वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलण्याची असावी. प्रत्येक 'अ' वर्ग ग्रंथालयात कुमारांचे एक उघडे कपाट असावे, ज्याला कुलूप नाही आणि ज्याच्यावर हत्ती-ससे नाहीत. आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या गावच्या ग्रंथपालाबरोबर बसून आपली तीनशे पुस्तकांची यादी तयार करावी. ती यादी वादग्रस्त होईल, तिच्यावर भांडणे होतील, आणि ती होणे इष्टच आहे. पण भांडण्याआधी ती पुस्तके वाचावी लागतील, ग्रंथपालालाही आणि प्राध्यापकालाही. मुले वाचत नाहीत, हे वाक्य पुढच्या १५ ऑक्टोबरला उच्चारण्याचा अधिकार त्या वाचनानंतरचा आहे.